हिशेब उघडा, हात झाकलेला

२०१९ चा ऑगस्ट आमच्या भागातली कुठलीच बाई विसरणार नाही. कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा, साऱ्या एकदम चढल्या. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला तर पुरातून माणसं सोडवून आणणारी बोटच उलटली. पुणे-बंगळूर रस्ता कित्येक दिवस बंद. गोकाक, चिकोडी, रायबाग, अथणी आणि पलीकडे शिरोळ, सांगली. पाण्यानं कर्नाटक बघितलं नाही की महाराष्ट्र.

बेळगाव शहरातही पाणी शिरलं होतं. तरी दोन-चार दिवसांत गल्लोगल्ली पेट्या फिरू लागल्या. गणपतीची वर्गणी काढणारी पोरं पूरग्रस्तांसाठी फिरली. मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी माणसं एकाच टेंपोत पोती चढवत होती. आम्ही बायकांनी कडक भाकरी थापल्या, शेंगाचटणी कुटली, कारण भिजलेल्या घरात चूल कुठून पेटणार? एरवी पाटीवरच्या अक्षरांवरून भांडणारं आमचं शहर त्या दिवसांत एका जिवाचं झालं होतं.

पण पैसा जमू लागला की एक प्रश्न उभा राहतोच. आमच्या समाजाच्या बैठकीतही तो आला. देणाऱ्यांची नावं आकड्यासकट लाउडस्पीकरवर वाचायची का? एक अण्णा म्हणाले, "अक्का, नाव वाचलं की शंभराचे पाचशे होतात बघा." दुसऱ्या बाजूला एक वयस्क काकी म्हणाल्या, "नाव सांगून दिलं ते दान कसलं? तो सौदा झाला."

दोघांचंही म्हणणं खरं होतं, म्हणून तर निकाल लावणं अवघड. आपल्या मंदिरात अभिषेकाची, आरतीची बोली लागते. एकानं चढवलं की दुसरा चढवतो. अशा जाहीर देण्यातूनच आपल्या पुष्कळ संस्था उभ्या राहिल्या. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ साली स्थापन झाली. पुढं कोल्हापूर, सांगली, बेळगावात बोर्डिंगं निघाली आणि खेड्यातल्या शेतकऱ्यांची मुलं तिथं राहून शिकली. कुणाच्या अहंकाराचे पैसे कुणाच्या मुलाच्या शिक्षणाला लागले असतील, तर त्या मुलाचं काय वाईट झालं? नाव लावणाऱ्याला नुसतं हसणं सोपं आहे.

तरीही माझं मन काकींच्या बाजूला झुकतं, पण कारण वेगळं आहे. देणाऱ्याच्या पुण्याची मला तेवढी काळजी वाटत नाही. त्याचं तो बघून घेईल. मला काळजी वाटते ती दोघींची. एक, जी पदराच्या गाठीतून पन्नास रुपये काढते. शेजारच्या घरानं एकवीस हजार दिले असं मोठ्यानं वाचल्यावर तिची गाठ सुटता सुटत नाही. ती घरी निघून जाते आणि आपण म्हणतो, "सगळा समाज एकत्र आला."

दुसरी, जी घेते. शिरोळ तालुक्यातली, कृष्णाकाठची ती बाई काही जन्माची मागणारी नाही. तिचा ऊस होता, गोठ्यात जनावरं होती. गेल्या वर्षी तिच्या दारात वर्गणी मागायला आलेल्याला तिनं चहा पाजून पैसे दिले होते. आठ दिवसांत ती देणाऱ्याच्या जागेवरून घेणाऱ्याच्या जागेवर आली. तिच्या हातात धान्याचं पाकीट ठेवून चौघांनी फोटोसाठी हसायचं आणि तिनं पदर तोंडावर ओढायचा, हे मी पाहिलंय. त्या वर्षी मदतीच्या पाकिटांवर पुढाऱ्यांचे फोटो चिकटवल्याबद्दल राज्यभर बोललं गेलं. पुढाऱ्यांना नावं ठेवताना आपल्या मंडळाचा बॅनरही आपण बघायला हवा. देणाऱ्याचं नाव लागलं की घेणाऱ्याचंही नाव नकळत लागतं. एकाचा मान दुसऱ्याच्या मानातून कापून घेतला जातो.

देण्यात दुसराही एक दोष शिरतो. आपल्याला जे नको असतं ते आपण देतो. किल्लारीच्या भूकंपानंतर मदतीला निघालेल्या ट्रकांतून जुन्या, विटक्या कपड्यांचे ढीगच्या ढीग गेले. तो भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशी. म्हणजे आपलं दशलक्षण पर्व नुकतंच संपलं होतं, उत्तम त्यागावरची प्रवचनं कानात ताजी होती. कपाट रिकामं करणं म्हणजे त्याग नव्हे. समोरच्याला काय लागतं ते आधी विचारणं, हा त्यागातला अवघड भाग. तत्त्वार्थसूत्रातही दानाचं मोल वस्तूवर एकटं सोडलेलं नाही. देण्याची रीत, देणारा आणि घेणारा यांवरही ते ठरतं असं सांगितलंय.

त्याच किल्लारीत दुसरं उदाहरणही घडलं. शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं पुण्याला नेऊन वाघोलीला त्यांच्या शिक्षणाची सोय केली. शाळा म्हणजे एका दिवसाच्या पाकिटाचं काम नाही. वर्षानुवर्षं मुलांची फी, वह्या, ताप-खोकला बघावा लागतो. तिथं टाळ्या पहिल्याच दिवशी संपलेल्या असतात.

म्हणून मला वाटतं, उघडं काय असावं आणि झाकलेलं काय, याची आपण उलटापालट केली आहे. नावं आपण उघडी ठेवतो आणि हिशेब झाकतो. असायला हवं ते याच्या उलट. किती जमले, कुठल्या गावाला किती गेले, किती शिल्लक आहेत, हे मंदिराच्या फळ्यावर पैशा-पैशासकट लिहावं. ज्यानं पन्नास दिले त्यालाही ते वाचायचा तेवढाच हक्क. पावती प्रत्येकाला द्यावी, पण नावांची यादी वाचू नये आणि घेणाऱ्याचा फोटो तर काढूच नये. अण्णा म्हणतात तसं, याने रक्कम थोडी कमी होईलही. होऊ दे. उत्तम मार्दव हा धर्म पर्वातल्या दुसऱ्या दिवसापुरता नाही, आणि अभिमान सोडायची किंमत कधीतरी रोखीत मोजावी लागणारच.

आणि शहराची खरी परीक्षा पुराच्या आठवड्यात होतच नाही. त्या आठवड्यात सगळेच चांगले असतात. ती होते दिवाळीत, जेव्हा भिंतींची ओल अजून वाळलेली नसते, ऊस कुजून गेलेला असतो, आणि बातम्या दुसरीकडे गेलेल्या असतात. तेव्हा पेटीतले उरलेले पैसे घेऊन, बॅनर घरी ठेवून, "आता काय लागतंय हो तुम्हाला?" एवढंच विचारायला कोण जातं, ते बघावं.