फुकटचे भांडार: दान की उत्सर्ग?

धर्मशास्त्राप्रमाणे दान पुरे व्हायला देणाऱ्याचे स्वत्व संपावे लागते आणि घेणाऱ्याचे उत्पन्न व्हावे लागते. गाय दिली की ती दात्याच्या गोठ्यात उरत नाही. लिनक्सवरचा प्रोग्राम मात्र हजारांनी उतरवून घेतला तरी कर्त्याजवळ जसाच्या तसा राहतो. मग त्याला दान कसे म्हणावे?

विहीर-तळे लोकांसाठी सोडण्याचा प्रश्न शास्त्रकारांपुढेही होता. त्यासाठी त्यांनी उत्सर्ग वेगळा मानला. त्यात घेणारा ठरलेला नसतो. तळे सर्वांचे होते, आणि सोडणाराही सर्वांपैकी एक म्हणून तिथे पाणी भरू शकतो. धर्मशास्त्राचे अभ्यासक भारतरत्न पां. वा. काणे यांनी या फरकाची चर्चा केली आहे. मुक्त सॉफ्टवेअरला हेच माप बसते.

गुंतागुंत जागेची आहे. अमरावतीच्या राजापेठेतल्या एखाद्या विद्यार्थ्याने उबुंटू या लिनक्ससाठी पॅकेज बनवले, तर गिटहब पेजेस या सेवेवर त्याचे भांडार एक पैसा न देता मांडता येते. साइट मात्र १ जीबीच्या आत ठेवावी लागते. पण गिटहब २०१८ पासून मायक्रोसॉफ्टचे आहे, आणि जे आपले नाही ते सोडताही येत नाही, असे शास्त्र सांगते. परक्या जमिनीवरच्या विहिरीचा उत्सर्ग कसा व्हावा?

उत्तर भांडाराच्या रचनेतच आहे. उबुंटूची ‘ॲप्ट’ ही आज्ञा जागेवर विश्वास टाकतच नाही. ती आधी ‘इनरिलीज’ फाइलवरची सही कर्त्याच्या सार्वजनिक किल्लीने तपासते. त्या फाइलीत पॅकेजांच्या सूचीचा ठसा (हॅश) असतो, सूचीत प्रत्येक पॅकेजचा. वाटेत कोणी एक बाइट बदलला तरी पॅकेज नाकारले जाते. तेव्हा सोडायची ती पॅकेजे, जमीन नव्हे. ती उद्या गिटलॅबसारख्या दुसऱ्या साइटवर नेली तरी सही तीच राहते. पत्ता स्वतःच्या डोमेनचा असेल तर वापरणाऱ्याला काही बदलावेही लागत नाही.

सर्वस्व सोडण्याचे उदाहरणही जवळच आहे: संत गाडगेबाबांची समाधी अमरावतीतच आहे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, हातचे काही न राखता. भांडारवाल्याला इतका त्याग परवडत नाही. सही करण्याची खासगी किल्ली त्याला स्वतःजवळच राखावी लागते; ती ज्याच्या हाती पडेल तो कर्त्याच्या नावाने विषारी प्रोग्रामही वाटू शकेल. ती गिटहबच्या ‘सीक्रेट्स’मध्ये ठेवायची सोय आहे, पण मग सहीचा अधिकारही परक्या जमिनीवर जातो. त्यापेक्षा सही घरच्या संगणकावर करावी आणि तयार भांडार तेवढे वर चढवावे.