पितृपक्षातही तुला वेळ नसतो

गप्प बसून ऐक. मध्ये "पण सर" नको. तुझे सगळे "पण" मला पाठ झालेत.

साड्यांचं ऑनलाइन दुकान संथ झालंय, हे तू मला आज सांगतोयस? गिऱ्हाइकं तुला केव्हापासून सांगतायत. चेकआउटच्या पानावर चाक फिरत राहतं, यूपीआयमधून पैसे जातात आणि ऑर्डर 'पेंडिंग पेमेंट'मध्ये लटकते. मग ज्यांचे पैसे गेले त्या बाई फोन करतात. मग तू रोज संध्याकाळी गेटवेची यादी एकीकडे, ऑर्डरींची यादी दुसरीकडे घेऊन एक्सेलमध्ये टिका मारत बसतोस. वर म्हणतोस, "सर, कामातून मान वर काढायला फुरसत नाही." कसलं काम? हा दंड आहे. टाळलेल्या कामाचा रोजचा दंड, आणि तू तो बिनबोभाट भरतोयस.

"चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" चालतंय कुठे? रांगतंय.

"सीझन संपू दे." कुठला सीझन? गौरी-गणपतीत नको, गर्दी असते. नवरात्रात नऊ रंगांच्या साड्या, तेव्हा तर नकोच. दिवाळीत सर्व्हरला कोण हात लावतो? तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. मग संक्रांतीची काळी साडी. मग मार्चअखेर, मग पाडवा, मग अक्षय्य तृतीया. बरं, पितृपक्षाचं काय? तेव्हा तुझ्याकडे कुणी साडी घेत नाही. दुकान ओस पडलेलं असतं, अख्खा पंधरवडा. त्या पंधरवड्यात काय केलंस? तर म्हणे, "सर, पितृपक्षात नवं काही सुरू करू नये." वा रे वा! डेटाबेसची डागडुजी कधीपासून मंगलकार्य झाली? तुला मुहूर्त सापडत नाही असं नाही. सापडेल म्हणून तू शोधतच नाहीस.

तुला येत नसतं तर मी एवढा चिडलोच नसतो. न येणाऱ्याला शिकवता येतं. जो येत असून करत नाही, त्याचं काय करायचं? इंडेक्स कशासाठी असतो, हे माझ्या तासाला फळ्यापाशी उभं राहून तू बाकीच्यांना समजावलं होतंस. मग आता स्वतःच्या दुकानाचा डेटाबेस उघडून बघ. वर्डप्रेस, त्यावर वूकॉमर्स, आणि ऑर्डरी अजून जुन्या जागी. म्हणजे कुठे? लेखांच्या टेबलात! 'पैठणीची निगा कशी राखावी' हा तुझा लेख ज्या टेबलात, त्याच टेबलात गिऱ्हाइकाची ऑर्डर. आणि तिचं नाव, पत्ता, पिनकोड, फोन, रक्कम? ते पोस्टमेटा नावाच्या टेबलात, एकेका गोष्टीला एकेक ओळ. एका ऑर्डरमागे डझनावारी ओळी. फोन नंबरवरून ऑर्डर शोधायला गेलास की ज्या रकान्यात शोधायचं त्याला इंडेक्सच नाही. वाण्याच्या दुकानातही उधारीची वही वेगळी आणि रोकडवही वेगळी असते. तू इंजिनिअर ना? मग तुझं सगळं एकाच वहीत का?

यावरचा उपाय तयार आहे. ऑर्डरींना स्वतःची टेबलं, स्वतःचे इंडेक्स. एचपीओएस म्हणतात त्याला, हेही तुला ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२३ मधल्या ८.२ आवृत्तीपासून नव्या दुकानांना ही सोय आपोआप मिळते. तुझ्यासारख्या जुन्या दुकानाला मात्र मालकानंच सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करावी लागते. म्हणजे काल-परवा दुकान थाटलेल्या पोराला जे आयतं मिळालं, ते तुझ्याकडे नाही. का? तू त्या पानावर गेलास, वाचलंस आणि टॅब बंद केलास.

बरं, काहीच केलं नाहीस असंही नाही. सर्व्हर मोठा घेतलास. थीम नवी घेतलीस. कॅशचं प्लगइन टाकलंस. जाहिरातीवर पैसे ओतलेस. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! कॅशमधून मुखपृष्ठ मिळतं, लेख मिळतात. कार्ट आणि चेकआउटची पानं कॅशमधून द्यायचीच नसतात, कारण ती प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी. म्हणजे जिथे पैसे येतात तिथे दर वेळी पीएचपी आणि डेटाबेस यांनाच राबावं लागतं. आणि नेमकं तेच दोन्ही तू म्हातारे ठेवलेस. जाहिरात देऊन तू आणखी माणसं आणलीस, ती कुठे? त्याच फिरणाऱ्या चाकासमोर.

आणि वेगाच्या चाचणीचा तो हिरवा आकडा मला दाखवू नकोस. कुठल्या पानाचा आकडा तो? मुखपृष्ठाचा. कुठे मोजलास? ऑफिसच्या फायबरवर, भारी लॅपटॉपवर. तुझं गिऱ्हाईक कुठे बसलंय? एसटीत, साध्या फोनवर, रेंज जाते-येते अशा ठिकाणी. गूगलचा निकष तुला तोंडपाठ आहे: पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला पाहिजे आणि बोट टेकवल्यावर २०० मिलिसेकंदांत पान हललं पाहिजे. हा दुसरा निकष मार्च २०२४ पासून लागू आहे. आणि हे खऱ्या माणसांच्या खऱ्या भेटींवर मोजतात, तुझ्या लॅपटॉपवर नाही. चेकआउटचं पान साध्या फोनवर, मोबाइल डेटावर शेवटचं कधी उघडलंस? बघ, मान खाली गेली.

आता पीएचपी. ७.४. लाज वाटते का? २८ नोव्हेंबर २०२२ ला त्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्यासुद्धा बंद झाल्या. ८.३ ला त्या डिसेंबर २०२७ पर्यंत मिळणार आहेत. मग अडलंय कुठे? एका प्लगइनपाशी. साडीला फॉल-पिको करून हवं का, असं विचारणारं ते प्लगइन कुण्या मित्रानं लिहून दिलं, मित्र पुण्याहून परदेशी गेला, आणि आता ते पीएचपी ८ वर मोडतं. का मोडतं? 'क्रिएट फंक्शन' वापरलंय म्हणून. ते काढून टाकणार अशी सूचना ७.२ मध्ये, म्हणजे २०१७ लाच आली होती. २०२० मध्ये ८.० ने ते खरंच काढलं. तीन वर्षं भाषा ओरडून सांगत होती, आणि तू काय केलंस? सूचना दिसू नयेत म्हणून डीबग बंद केलंस! दुपारभराचं काम, आणि त्याच्यापायी सगळं दुकान ओलीस.

"पण सर, प्लगइनच्या कोडमध्ये मी थेट बदल केलेत, अपडेट केलं की पुसले जातील." केलेस कशाला? हुक कशासाठी असतात? काढ ते बदल बाहेर, ठेव स्वतःच्या छोट्या प्लगइनमध्ये. चूक तुझी आणि भीती अपडेटची, हा कुठला न्याय?

"आपलं छोटं दुकान, आपल्याला कोण हॅक करतंय?" मॅजेंटो १ वाले हेच म्हणत होते. ३० जून २०२० ला त्या आवृत्तीचा पाठिंबा संपला. त्याची तारीख आधीपासून जाहीर होती आणि मॅजेंटो २ तर २०१५ पासून बाजारात होतं. २०२० च्याच सप्टेंबरात एका शनिवार-रविवारच्या आसपास जवळजवळ २,००० दुकानांच्या चेकआउटमध्ये कार्डाचे नंबर चोरणारा कोड घुसवला गेला. बहुतेक सगळी दुकानं त्या जुन्या आवृत्तीवर चालणारी. चोरानं एकेक दुकान निवडलं असेल असं वाटतं तुला? यंत्र दारं ठोठावत जातं. कुलूप जुनं दिसलं की आत. दुकान केवढं आहे, हे ते विचारत नाही.

आणि तुझी सगळ्यात हुशार सबब: "सर, मी सगळंच दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर हलवायचा विचार करतोय." हो? कधीपासून? जायचं तर जा, माझी हरकत नाही. पण तिथेही तुला उत्पादनांची यादी साफ करावीच लागेल, जुने पत्ते नव्या पत्त्यांवर वळवावेच लागतील, ती फॉल-पिकोची सोय पुन्हा बसवावीच लागेल. आजचं छोटं काम टाळायला उद्याचं मोठं काम पुढे करायचं, ही तुझी जुनी खोड. परीक्षेच्या आदल्या रात्री नवं वेळापत्रक आखणारा तूच ना?

खरं कारण मी सांगू? तुला भीती वाटते. मोडलं तर काय, ही भीती. वाटू दे. पण तिला 'सावधगिरी' असं भारदस्त नाव देऊ नकोस. सावध माणूस तयारी करतो. तू नुसता थांबलायस.

तयारी म्हणजे काय, तेही माझ्याच तोंडून ऐकायचंय? ऐक. दुकानाची हुबेहूब प्रत काढ, वेगळ्या पत्त्यावर. तिथले ईमेल बंद कर, पेमेंट चाचणीवर टाक, कुरिअरची जोडणी तोड. नाहीतर तुझ्या प्रयोगाचे मेसेज सोलापूरच्या मावशींना जातील. आधी त्या प्रतीवर पीएचपी बदल. मग प्लगइनं एकेक करून, मग वूकॉमर्स. ऑर्डरची माहिती थेट पोस्टमेटातून ओढणाऱ्या ओळी तुझ्या कोडमध्ये कुठे आहेत ते शोध आणि बदल. मग एचपीओएस, आधी दोन्हीकडे नोंद ठेवणाऱ्या सुसंगत मोडमध्ये. जुनी टेबलं आणि नवी टेबलं एकमेकांशी जुळत राहतात, म्हणजे परत फिरायची वाट उघडी. "मोडलं तर?" या तुझ्या प्रश्नाचं उत्तर प्लॅटफॉर्मनंच देऊन ठेवलंय, तू विचारायचंच सोडून दिलंस. मग खोटी खरेदी कर: एक यूपीआयनं, एक कार्डानं, एक कॅश ऑन डिलिव्हरी, एक कूपन लावून. एक परतावा दे. जीएसटीचं बिल छापून बघ. सगळं ठीक झालं की खरं दुकान, रात्री, दार थोडा वेळ बंद ठेवून. कारण दार उघडं ठेवलंस आणि जुना बॅकअप परत टाकायची वेळ आली, तर मधल्या वेळात आलेल्या ऑर्डरी गेल्याच.

बॅकअपवरून आठवलं. "होस्टिंगवाला घेतो" म्हणालास. तो बॅकअप परत टाकून दुकान उभं राहतं का, हे कधी पाहिलंयस? न तपासलेला बॅकअप हा नवस असतो, बॅकअप नव्हे.

यातली एक तरी गोष्ट तुझ्या आवाक्याबाहेरची आहे का? नाही ना? मग हे मला सांगावं का लागतंय? दुसऱ्याच्या दुकानाचं काम असतं तर पैसे घेऊन तू हे वेळेवर, चोख करून दिलं असतंस. स्वतःच्या दुकानाला तेवढीही किंमत नाही?

आता ऊठ. वूकॉमर्सच्या 'स्टेटस' पानावर जा आणि सिस्टम रिपोर्ट काढ. थीममधल्या कुठल्या टेम्प्लेट शिळ्या झाल्यात, कुठलं प्लगइन किती मागे आहे, सगळं तिथे लिहिलेलं असतं. रिपोर्ट मला आज रात्री पाठव, आणि खाली प्रत कधी काढतोयस ती तारीख लिही. लाल ओळी खोडून पाठवू नकोस. मी मोजणार आहे.