आकडा पंचवीसचा, राग दुसऱ्याच गोष्टीचा

सप्टेंबर २०२३ मधला एक मंगळवार. पुण्यात संध्याकाळचे साडेसात, अमेरिकेतल्या डे मॉइनमध्ये सकाळचे नऊ. सोमवारी त्यांची लेबर डेची सुट्टी होती, म्हणून आठवड्याचा पहिला कॉल मंगळवारी. आमचा क्लायंट तिथली एक इन्शुरन्स कंपनी. तिकडचा टेक लीड पन्नाशीचा, आयुष्यभर आयोवा राज्यात राहिलेला आणि युनिव्हर्सिटी ऑफ आयोवाच्या फुटबॉल टीमचा, म्हणजे हॉकआइजचा, पक्का फॅन. बाकीचे लोक जॉइन होईपर्यंत मी विचारलं, "वीकेंड कसा गेला?"

तो म्हणाला, "आम्ही जिंकलो. २४-१४. एक पॉइंट कमी पडला आणि मला आनंद झाला."

जिंकलेल्या मॅचमध्ये आपल्याच टीमला एक पॉइंट कमी पडल्याचा आनंद का व्हावा, ते मला कळेना. त्याने समजावून सांगितलं तेव्हा मी हसलो. काही महिन्यांनी त्याच गोष्टीने माझी झोप उडवली. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. हा फुटबॉल मेस्सीचा नव्हे, हेल्मेट घालून खेळतात तो. यात टीमचे खेळाडू वेगवेगळ्या तुकड्यांत विभागलेले असतात. बॉल आपल्याकडे असतो तेव्हा ऑफेन्स मैदानात, समोरच्यांकडे असतो तेव्हा डिफेन्स. ऑफेन्सचा सगळा आराखडा ज्याच्या हातात असतो तो ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. आपल्या बॅटिंग कोचसारखा म्हणा हवं तर, पण प्रत्येक बॉलला कोणता फटका मारायचा हेसुद्धा सांगणारा. मुख्य कोच त्याच्या वर.

आयोवा राज्याला एनएफएलची टीम नाही. त्यामुळे कॉलेजची टीम हीच त्यांची टीम. आयोवा सिटीतल्या किनिक स्टेडियममध्ये सुमारे ६९ हजार लोक बसतात. पहिला क्वार्टर संपला की हे सगळे उभे राहतात आणि शेजारच्या मुलांच्या हॉस्पिटलच्या खिडक्यांकडे बघून हात हलवतात. वरून आजारी मुलं हात हलवतात. २०१७ पासूनची ही प्रथा आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे याच फॅन्सना एका माणसाची नोकरी जायला हवी होती, आणि ही माणसं दुष्ट नाहीत.

त्या माणसाचं नाव ब्रायन फेरेंट्झ. २०१७ पासून ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. आणि मुख्य कोच कोण? कर्क फेरेंट्झ, १९९९ पासून. ब्रायनचे वडील.

बापाच्या हाताखाली मुलगा नको, असा युनिव्हर्सिटीचा नियम. त्यावर तोडगा असा की कागदोपत्री ब्रायनचा साहेब कर्क नाही, तर क्रीडा विभागाचा संचालक गॅरी बार्टा. रोज सराव बापाबरोबर, अप्रेझल दुसऱ्याकडे. आपल्याकडच्या कुठल्याही संस्थेत हा तोडगा लगेच समजेल.

ब्रायन अगदीच बिनकामाचा होता असं नाही. तो स्वतः आयोवाकडून खेळला होता, एनएफएलमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे काम करून आला होता. त्याच्या पहिल्याच सीझनमध्ये आयोवाने ओहायो स्टेटसारख्या बलाढ्य टीमला ५५-२४ असं धुतलं होतं. तेव्हा तो कुणाचा मुलगा आहे, याची फारशी चर्चा झाली नसावी.

मग ऑफेन्स आटत गेला. २०२२ च्या सीझनची पहिली मॅच त्यांनी साउथ डकोटा स्टेटविरुद्ध ७-३ ने जिंकली. एका टचडाउनचे सहा आणि त्यानंतरच्या किकचा एक मिळून सात होतात, म्हणून ७ हा आकडा साधा वाटतो. पण आयोवाने टचडाउन केलाच नव्हता. एका फील्ड गोलचे तीन आणि दोन सेफ्टींचे चार. सेफ्टीचे पॉइंट डिफेन्स मिळवतो. म्हणजे ऑफेन्सपेक्षा डिफेन्सने जास्त पॉइंट केले! त्या सीझनमध्ये देशातल्या सर्वांत दुबळ्या ऑफेन्समध्ये आयोवाची गणना झाली.

फॅन्स भडकले. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रायनचा करार बदलला. पगार ९ लाख डॉलरवरून साडेआठ लाख. आणि दोन अटी: टीमने किमान सात मॅच जिंकायच्या आणि सीझनभर सरासरी २५ पॉइंट करायचे. जमलं तर बोनस आणि पुढचा करार. नाही जमलं तर विषय संपला. तेरा मॅच धरल्या तर २५ गुणिले १३, म्हणजे ३२५. फॅन्सनी लगेच मोजणी सुरू केली. आमच्या टेक लीडने एक्सेल शीट केली होती. पहिल्या मॅचमध्ये २४. एक कमी. त्याचा आनंद त्या एका पॉइंटचा होता.

आम्ही इंजिनिअर लोक मेट्रिक बघितलं की आधी त्याच्यातली भोकं शोधतो. या मेट्रिकमध्ये भोकं भरपूर होती. टीमचे सगळे पॉइंट मोजले जाणार होते, डिफेन्सने मिळवलेलेसुद्धा. डिफेन्सने बॉल पळवून टचडाउन केला की ऑफेन्सवाल्याची नोकरी थोडी सुरक्षित. उलट क्वार्टरबॅक केड मॅकनमारा सप्टेंबरअखेर गुडघ्याच्या दुखापतीने सीझनबाहेर गेला, त्याची आकड्यात काही सवलत नाही. आणि मूळ गोष्ट वेगळीच होती. धोका पत्करू नका, बॉल गमावू नका, डिफेन्सच्या जोरावर जिंका, ही कर्क फेरेंट्झची अनेक वर्षांची पद्धत. बाप ज्या पद्धतीने मॅच जिंकत होता, त्या पद्धतीत पॉइंट कमीच होणार. म्हणजे मुलाच्या दोन अटींपैकी एक बापाची पद्धत पुरी करत होती आणि दुसरी तीच पद्धत अवघड करत होती.

३० ऑक्टोबरला, सीझन चालू असताना, नव्या हंगामी संचालक बेथ गेट्झ यांनी जाहीर केलं की सीझननंतर ब्रायन राहणार नाही. टीम तोवर आठपैकी सहा मॅच जिंकली होती. पुढच्या चारही जिंकली. कशा? १०-७, २२-०, १५-१३, १३-१०. डिव्हिजनचं विजेतेपद मिळालं. मग शेवटच्या दोन मोठ्या मॅचमध्ये शून्य आणि शून्य. मिशिगनकडून २६-०, टेनेसीकडून ३५-०. सरासरी साडेपंधराच्याही खाली.

मी टेक लीडला विचारलं, "मग झालं ना तुमच्या मनासारखं?"

तो थोडा थांबून म्हणाला, "हो. पण मी एका विसाव्या वर्षाच्या पोराने केलेला टचडाउन बघून शिव्या घालत होतो. माझ्याच टीमचा पोरगा."

यावर मी हसलो नाही. कारण तोवर मीही तेच करत होतो.

आमच्या टीममध्ये एक टेस्टर होता. आमच्या मॅनेजरचा भाचा. त्याचं नाव इथे नको. इंटरव्ह्यू झाला होता, पण तो कसा झाला हे सगळ्यांना माहीत होतं. एचआरच्या नोंदीत तो मॅनेजरला रिपोर्ट करत नव्हता, मला करत होता. बार्टांची जागा म्हणजे माझी जागा. कॅन्टीनमध्ये कुजबुज चालायची. त्याच जागेसाठी माझ्या ओळखीच्या, लातूरच्या एका मुलीने अर्ज केला होता. तिला साधा कॉलही आला नव्हता. मला त्याचा राग होता.

तो पोरगा कामात मध्यम. उशिरा यायचा, रिपोर्ट अर्धवट लिहायचा. पण एकदा तीन दिवस एकाच गोष्टीच्या मागे लागून त्याने प्रीमियमच्या हिशोबातली राउंडिंगची चूक शोधली होती. ती आमच्यापैकी कुणालाच वर्षभर दिसली नव्हती. तीन दिवसांत एकच बग, म्हणून बोर्डवर तो आठवडा रिकामा दिसत होता.

क्लायंटकडे एक रिलीज फसली. मॅनेजर म्हणाले, "टेस्टिंगला काहीतरी मेजरेबल टार्गेट लाव." मी लावलं. त्याला एकट्याला. दर स्प्रिंटला बारा व्हॅलिड बग. बारा का? कारण तो आठ-नऊच्या आसपास असायचा, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या स्प्रिंटच्या शेवटच्या शुक्रवारी मी बोर्ड उघडून बसलो होतो. अकरा झाले होते. संध्याकाळचे सहा वाजले. मी पेज पुन्हा पुन्हा रिफ्रेश करत होतो आणि मला मनापासून वाटत होतं की बारावा सापडू नये. आमच्याच प्रॉडक्टमधला बग. जो सापडला असता तर आमचंच भलं होतं.

बारावा सापडला नाही. तिसऱ्या स्प्रिंटनंतर त्याला प्रोजेक्टमधून काढलं, महिन्याभराने त्याने नोकरी सोडली. जाताना त्याने मला एवढंच विचारलं, "दादा, टार्गेट तूच ठरवलंस ना?" मी म्हणालो, "हो." त्याने मान हलवली आणि लॅपटॉप जमा करायला गेला.

मी स्वतःला सांगत होतो: आकडे बोलले, मी नाही. आणि याचं उत्तर देताना मला आयोवाचा उपयोग झाला.

फॅन्सच्या मनात तीन वेगळे प्रश्न होते. हा माणूस कामात कसा आहे? त्याला ही खुर्ची कशी मिळाली? आणि जे बिघडलंय त्याला जबाबदार कोण? २५ चा आकडा फक्त पहिल्याला उत्तर देत होता, तेही तोडकंमोडकं. पण राग होता दुसऱ्याचा. आणि तिसरा प्रश्न विचारायची कुणाची तयारी नव्हती, कारण त्याचं बोट कर्क फेरेंट्झकडे, आणि हा घाट मान्य करणाऱ्या युनिव्हर्सिटीकडेही गेलं असतं. इतकी वर्षं जिंकून देणाऱ्या कोचला "मुलाला हाताखाली ठेवणं चूक आहे" असं तोंडावर सांगणं अवघड. त्यापेक्षा मुलापुढे आकडा ठेवणं सोपं. आकडा असला की कुणालाच वाक्य बोलावं लागत नाही.

इथे कुणी म्हणेल, आकडा नसता तर काय, साहेबाची मर्जी? मर्जीपेक्षा आकडा बरा. हे मला पटतं. ओळख नसलेल्या माणसाला आकडाच वाचवतो. लातूरच्या त्या मुलीला प्रामाणिक आकड्यांवर तोललं असतं तर कदाचित ती आज आमच्या टीममध्ये असती. पण म्हणूनच आकडा लावताना एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा: हाच आकडा मी माझ्या आवडत्या माणसाला लावला असता का? मी दुसऱ्या कुठल्याही टेस्टरला बाराचं टार्गेट दिलं नव्हतं. तिथेच उत्तर मिळतं.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. ज्याला खुर्ची अन्यायाने मिळाली, त्याच्याशी न्यायाने का वागायचं? मला बराच काळ हे बिनतोड वाटत होतं. आता वाटतं की यात माणूस चुकतोय. भाच्याने अर्ज केला. खुर्ची दिली मामाने. वशिल्याचा निकाल द्यायचा तर देणाऱ्याला द्यायला हवा. आम्ही घेणाऱ्याला शिक्षा केली, तीही कामाच्या नावाखाली, आणि देणारा तसाच राहिला. आयोवातही कर्क फेरेंट्झ मुख्य कोच राहिले. नव्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरचा, टिम लेस्टर यांचा, शोधही त्यांच्याच हाताखाली झाला.

आणि पुढे काय झालं? २०२४ मध्ये लेस्टर आले, रनिंग बॅक केलेब जॉन्सन दीड हजार यार्डांहून जास्त धावला, सरासरी २५ च्या वर गेली. म्हणजे फॅन्स बरोबर होते? माणूस बदलायला हवा होता, याबाबत बहुतेक हो. मात्र २०२३ मध्ये दहा मॅच जिंकलेली टीम २०२४ मध्ये आठ जिंकली. पॉइंट वाढले, विजय घटले. पण हिशोब उलटा आला असता, तरी माझं म्हणणं बदलत नाही. निर्णय बरोबर ठरला म्हणून तो ज्या आडवाटेने घेतला ती वाट सरळ होत नाही. आमचा नवा टेस्टरही आधीच्यापेक्षा चांगला आहे. त्याने माझा शुक्रवार धुऊन निघत नाही.

टेक लीड सगळं ऐकून म्हणाला होता, "आम्हाला ब्रायनचा राग नव्हताच. आम्हाला राग होता की आम्ही काही बोललो तरी फरक पडत नाही याचा. २५ आला आणि पहिल्यांदा वाटलं, आता फरक पडेल." मला हे अगदी ओळखीचं वाटलं. वरच्याला बोलता येत नाही, तेव्हा माणूस हाताशी असलेल्याला मोजायला लागतो.

गेल्या महिन्यात टीममध्ये पुन्हा एक जागा निघाली. मॅनेजर मीटिंगमध्ये म्हणाले, "एक चांगला पोरगा आहे, ओळखीतला." खोलीत पाच जण होते. माझा अप्रेझल पंधरा दिवसांवर होता. मी म्हणालो, "सर, त्याने अर्ज करू दे. पण ओळखीतला असेल तर इंटरव्ह्यू आपल्या टीमने घेऊ नये, दुसऱ्या टीमने घ्यावा. मागच्या वेळी आपण हे केलं नाही. मी तेव्हा बोललो नाही आणि नंतर टार्गेट लावलं."

मॅनेजर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बघू." आणि पुढचा मुद्दा घेतला.

इंटरव्ह्यूची तारीख अजून आलेली नाही. अप्रेझलची आली आहे.