अग्नीसमोरची उपासना

(वाचावयाचे शास्त्रभाग : १ राजे १९:९-१३, लूक १३:१-५)



होरेब डोंगराच्या गुहेत एलीया संदेष्टा एकटा व खिन्न होऊन बसला होता. त्याच्यापुढून प्रचंड वारा सुटला व खडक फुटले; मग भूमी हादरली; मग अग्नी आला. परंतु या तिहींपैकी कशातही परमेश्वर त्यास भेटला नाही. तो भेटला या सर्वांनंतर ऐकू आलेल्या मंद वाणीत. आणि त्या वाणीने एलीयाला माघारी आपल्या कामावर धाडिले. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आपल्या खेड्यांत पाऊस चुकला, वीज पडली, गुरे मेली किंवा साथ आली, म्हणजे दोन प्रकारचे बोलणे कानी येते. शेजारी म्हणतो, "यांनी वाडवडिलांचे देव सोडिले, म्हणून गावावर हे आले." आणि आपल्यातीलच एखादा मनात म्हणतो, "आम्ही बाप्तिस्मा घेतला, एक रविवार चुकविला नाही, मग आमचीच विहीर का आटली?" ही दोन बोलणी परस्परांच्या विरुद्ध दिसतात, परंतु दोहोंच्या मुळाशी एकच समजूत आहे. ती ही की, संकट म्हणजे पाप मोजण्याचे माप होय. ही समजूत खरी आहे काय, हे पाहण्यासाठी आम्ही आज वाचकांस दूरच्या एका देशात नेतो.

युरोपाच्या वायव्येस, उत्तर महासागरात आइसलंड नावाचे बेट आहे. तेथील लोक शेकडो वर्षांपासून ख्रिस्ती आहेत, व सोळाव्या शतकापासून प्रॉटेस्टंट आहेत. १७८३ साली जून महिन्याच्या ८ व्या तारखेस, पन्नासाव्या दिवसाच्या सणाच्या रविवारी, सकाळी लोक उपासनेच्या तयारीत असता उत्तरेकडून काळा ढग चढून आला व राख पडू लागली. लाकी नावाच्या डोंगराजवळ भूमी उकलली होती. ती भेग वाढत वाढत सुमारे २७ किलोमीटर लांब झाली. तिच्यावर शंभराहून अधिक मुखे उघडली, व त्यांतून वितळलेला खडक कारंज्यासारखा उसळू लागला. तेथील स्काफ्ता नावाची मोठी नदी थोड्याच दिवसांत आटली, आणि जेथून पाणी वाहत असे त्याच दरीतून अग्नीचा लोट वस्तीकडे येऊ लागला. हा उद्रेक आठ महिने, म्हणजे १७८४ च्या फेब्रुवारीपर्यंत चालला.

त्या प्रांतातील मंडळीचा पाळक योन स्टेइनग्रीमसन नावाचा होता. त्याने जे पाहिले ते त्याने लिहून ठेविले आहे, म्हणूनच या गोष्टी जगास ठाऊक आहेत. जुलैच्या २० व्या तारखेस, रविवारी, लाव्ह्याचा लोट देवळाच्या दिशेने चालून येत होता. पुढील रविवारी हे देऊळ उभे असेल, असा कोणास भरवसा नव्हता. पाळकाने मंडळीस गोळा केले. बाहेर धुके व धूर इतका दाटला होता की जवळचेही दिसेना. गडगडाटाने भिंती हादरत होत्या. तशा समयी त्याने प्रार्थना व उपदेश केला, आणि लोक शांतपणे बसून राहिले. त्या उपासनेस आजही आइसलंडात "अग्नीची उपासना" असे म्हणतात.

उपासना संपल्यावर लोक लोट पाहावयास गेले. तो पुढे सरकला नव्हता. एकाच ठिकाणी थरावर थर चढून गोठला होता. लोटाने अडविलेल्या नद्यांचे पाणी त्याच्यावरून वाहू लागले होते, व त्या पाण्याने त्यास विझविले होते. देऊळ वाचले.

येथे कोणी विचारील, "मग अग्नी कोणी थांबविला, देवाने की नदीने?" आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. पेरलेले बी देव उगवितो की पाऊस, असे आपण शेतात विचारीत नाही. पाण्याने तप्त खडक निवतो हा नियम ज्याने घातला, त्याच्याच हाती नद्या आहेत. पाळक योन याने पाण्याचेही वर्णन केले व देवाचे आभारही मानिले. त्यास एकासाठी दुसरे लपवावे लागले नाही.

परंतु गोष्ट येथेच संपविली, तर आम्ही अर्धेच सत्य सांगितले असे होईल. कारण अग्नी थांबला तरी संकट थांबले नाही.

त्या भेगेतून खडकाबरोबर विषारी वायूही निघाले. त्यांतील एक गवतावर बसला. ते गवत खाऊन मेंढ्या, गुरे व घोडे यांची हाडे सुजली, दात वेडेवाकडे वाढले, व जनावरे मरू लागली. आइसलंडातील बहुतेक मेंढ्या व सुमारे निम्मी गुरे नष्ट झाली. मग दुष्काळ आला, आणि त्या देशातील सुमारे पाचवा हिस्सा माणसे मेली. ज्या मंडळीने अग्नीसमोर प्रार्थना केली होती, तिच्यातही मृत्यू शिरला. पाळकाची स्वतःची पत्नी १७८४ साली वारली. ते लोक देवाचे नावडते होते काय? रविवारी त्यांचे देऊळ वाचविले, आणि सोमवारी त्यांस टाकून दिले काय? तसे नव्हे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक अपराधी नव्हती, हे प्रभु येशूने स्वतः सांगितले आहे. त्याने ऐकणारांस मेलेल्यांचे पाप मोजू दिले नाही. ज्याने त्याने आपला पश्चात्ताप करावा, हेच सांगितले.

आता या अग्नीचे मूळ काय, तेही पाहू. पृथ्वीच्या पोटात मोठी उष्णता आहे. खोल खाणीत उतरावे तसतसा उकाडा वाढतो. साधारणपणे एक किलोमीटर खाली गेल्यास २५ ते ३० अंश उष्णता अधिक होते. ही उष्णता काही अंशी पृथ्वी घडली त्या वेळची उरलेली आहे, आणि काही अंशी खडकांतील युरेनियम, थोरियम, पोटॅशियम अशा द्रव्यांच्या सावकाश विघटनाने रोज नवी उत्पन्न होत आहे. आणि ही द्रव्ये आली कोठून? ज्योतिःशास्त्रज्ञ सांगतात की, ती पृथ्वी होण्यापूर्वी ताऱ्यांत घडली. मोठे तारे आयुष्याच्या शेवटी फुटतात, काही मेलेले तारे एकमेकांवर आदळतात. त्या भयंकर तापात जड द्रव्ये तयार होऊन आकाशात विखुरतात, व त्यांतूनच पुढे नवे सूर्य व नव्या पृथ्व्या होतात. तुमच्या विळ्यातील लोखंड व तुमच्या रक्तातील लोखंडही असेच ताऱ्यांतून आले आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात ताऱ्यांचा उल्लेख किती थोडक्यात आला आहे! परंतु त्या थोड्या शब्दांमागे देवाने केवढी भट्टी पेटविली होती, ते आज आपणांस थोडेसे दिसू लागले आहे.

पृथ्वीचे कवच अखंड नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, व ते फार मंद गतीने सरकतात. आइसलंड अशा दोन तुकड्यांच्या सांध्यावर आहे. ते दोन तुकडे वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर एकमेकांपासून दूर जातात, आणि त्या फटीतून खालचा वितळलेला खडक वर येतो. यात कोणा गावाचे पुण्य वा पाप पाहिले जात नाही.

लाकीचा धूर आइसलंडातच राहिला नाही. त्यातील गंधकाचा वायू हवेतील बाष्पाशी मिळून त्याचे अतिसूक्ष्म थेंब झाले, व त्यांचा पडदा आकाशात पसरला. त्या उन्हाळ्यात युरोपभर कोरडे धुके दाटले व सूर्य लाल दिसू लागला. पुढचा हिवाळा युरोपात व उत्तर अमेरिकेत फार कडक गेला. अमेरिकेचा वकील बेंजामिन फ्रँक्लिन तेव्हा पॅरिसजवळ राहत होता. या धुक्याचे कारण आइसलंडातील अग्नी असावा, असा तर्क त्याने १७८४ साली लिहून ठेविला. आपला मोसमी पाऊस भूमी तापण्यावर अवलंबून असतो. सूर्याचे ऊन अडले, भूमी कमी तापली, म्हणजे पाऊसही अशक्त होतो. १७८३-८४ साली उत्तर हिंदुस्थानात "चालिसा" नावाचा घोर दुष्काळ पडला. विक्रम संवत १८४० चा म्हणून त्यास ते नाव मिळाले. लाकीच्या धुराने त्या वर्षी आफ्रिकेचा व हिंदुस्थानचा पाऊस दुबळा केला असावा, असे काही संशोधकांनी गणिताने दाखविले आहे. तेच एक कारण होते असे आम्ही म्हणत नाही. पण विचार करा : दोआबातील एखाद्या शेतकऱ्याने त्या वर्षी आपल्या शेजाऱ्याकडे बोट दाखवून, "तुझ्यामुळे पाऊस गेला," असे म्हटले असेल, तर त्याने केवढा अन्याय केला! निदान काही अंशी तरी त्याचा पाऊस हजारो कोसांवरील अशा एका भेगेने अडविला असेल, जिचे नावही त्याने कधी ऐकिले नव्हते.

आणखी एक गोष्ट आपल्या पायांखालचीच आहे. देशावर विहीर खणताना मुरुमाखाली जो काळा पाषाण लागतो, तो लाकीच्या खडकाच्याच जातीचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथेही भूमीच्या भेगांतून असेच लोट पुनःपुन्हा वाहिले व थरांवर थर चढले. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या पायऱ्या दिसतात, त्या याच थरांच्या होत. तो पाषाण उन्हापावसाने झिजून कापसाची व जोंधळ्याची काळी जमीन झाली. ज्या अग्नीपुढे कोणताही जीव टिकला नसता, त्याच्या राखरांगोळीतून देवाने आपली भाकर सिद्ध केली. त्याच्या दृष्टीने सहस्र वर्षे म्हणजे एक दिवस. तो उतावीळ नाही.

आइसलंडातही तसेच घडले. जी उष्णता एके काळी मृत्यू घेऊन आली, तीच आज घरे ऊबदार ठेविते. रेक्याविक या राजधानीजवळ उन्हाळी झरे होते. तेथे बायका दूर चालत जाऊन धुणे धूत असत. १९३० साली त्याच झऱ्यांचे पाणी नळांनी शहरात आणून एक शाळा व काही घरे तापविण्यात आली. आज त्या देशातील दहापैकी सुमारे नऊ घरे भूमीतील उष्ण पाण्याने तापतात, व भूमीतील वाफेवर वीजही निर्माण होते. आपल्याकडे वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे येथे उन्हाळी आहेत. तेथे जवळ जागृत ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, तापते, व पुन्हा वर येते. जो शेजारी तेथे स्नानास जातो त्याची थट्टा करू नका. विचारील तर त्या पाण्याची वाट त्यास सांगा, आणि ती वाट ज्याने आखिली त्याचे नावही सांगा.

आता यातून आपण तीन गोष्टी घेऊ.

पहिली, संकटावरून कोणाचा न्याय करू नका. शेजाऱ्याचे घर जळाले तर "देवाने त्यास शिक्षा केली" असे म्हणू नका. आपले जळाले तर "देवाने आम्हांस सोडिले" असेही म्हणू नका. आणि कोणी तुम्हांवर तसा आरोप ठेविला तर रागाने उत्तर देऊ नका. त्याच्याच शेतातील बांध घालावयास जा. तेच उत्तर त्यास समजेल.

दुसरी, देवाशी सौदा करू नका. त्या मंडळीने प्रार्थना केली ती देऊळ वाचावे म्हणून खरी. परंतु देऊळ वाचल्यावरही तिला भूक सोसावी लागली, आणि तरी तिने उपासना सोडिली नाही. हीच श्रद्धा. प्रार्थना म्हणजे संकटाला दिलेली लाच नव्हे. संकटात पित्याचा धरलेला हात होय.

तिसरी गोष्ट आम्ही विशेषेकरून उपदेशक बंधूंस सांगतो. दुष्काळात पाळक योन याच्याकडे सरकारी मदतीच्या पैशांची एक मोहोरबंद पेटी अधिकाऱ्याकडे पोहोचविण्यासाठी दिली होती. वाटेत उपाशी शेतकरी भेटले. त्याने मोहोर फोडली, व त्यांतील काही पैसे त्यांस वाटले. यासाठी पुढे त्यास दंड झाला, व जाहीर क्षमा मागावी लागली. त्याने नियम मोडावयास नको होता असे कोणी म्हणेल, व हिशेबाच्या बाबतीत आम्हीही कोणास तशी मोकळीक देत नाही. परंतु एवढे खरे की, अग्नीसमोर ज्याने उपदेश केला, त्यास उपदेश संपल्यावर भुकेला माणूस दिसला. आणि त्या दयेची किंमत त्याने स्वतः सोसली. गडगडाटात मोठ्या आवाजाने बोलणे त्यामानाने सोपे आहे. मंद वाणी ऐकू येते ती नंतर, धान्याची कणगी रिकामी असता, आजाऱ्याच्या खाटेजवळ, विधवेच्या दारी. तेथे जो जातो, तोच अग्नीविषयी बोलावयास योग्य.

लाकीचा तो काळा लोट आज जाड हिरव्या शेवाळाने झाकला आहे, आणि जेथे तो थांबला त्या टोकास अजून त्या उपासनेचेच नाव आहे. बंधूंनो, आपल्याही मंडळ्यांवर वाईट दिवस येतील. तेव्हा आपल्या गावातील लोकांस हे आठवावे की, त्या दिवशी ख्रिस्ती लोकांनी कोणास दोष दिला नाही, ते एकत्र जमले, प्रार्थना केली, आणि उठून आपल्या शेजाऱ्याकडे गेले. ज्याने तारे पेटविले व पृथ्वीच्या पोटात अग्नी ठेविला, तो प्रभु आपणांस असे करावयाची कृपा देवो. आमेन.