पिंजऱ्यातील चोणक आणि ताटातील तारली

समुद्र कुणाचा, या प्रश्नाचे उत्तर सहाव्या शतकात जस्टिनियनच्या रोमन कायद्याने देऊन ठेवले आहे : हवा, वाहते पाणी आणि समुद्र ही सर्वांची. आपल्या कोळ्यांना हे कुणी शिकवावे लागले नाही. पाण्यातील मासळी कुणाचीच नसते. ज्याच्या जाळ्यात आली, त्याची झाली. ही रीत आता पालटते आहे. 2022 साली जगभरातील जलचरांच्या शेतीचे उत्पादन प्रथमच पकडलेल्या मासळीच्या पुढे गेले. आपल्याकडेही 2023 च्या दुरुस्तीने समुद्रातील पिंजरे व शिंपल्यांची शेती किनारी मत्स्यशेतीच्या कायद्यात आली.

शेती आली की बांध आला, बांध आला की मालकी आली. याविषयी माझी तक्रार नाही. सातबाऱ्यांत हयात घालवलेल्या माणसाने बांधाविरुद्ध बोलू नये. प्रश्न वेगळा आहे. पिंजऱ्यातील जीव खातो काय?

कारवारच्या समुद्रात पिंजऱ्यांतून चोणक वाढवतात. रायगडात यालाच जिताडा म्हणतात. मासा चवदार, भावही तसाच. परंतु तो मांसाहारी. त्याला बहुधा तारलीसारखी स्वस्त मासळी तुकडे करून घालतात, आणि त्याचे एक किलो वजन वाढावयास तशी कित्येक किलो लागते. तारली हा किनाऱ्यावरील गरिबाच्या जेवणातील मासा. उत्पादन वाढल्याचे आकडे खरे असतील. ताट कुणाचे रिते झाले, याचा रकाना त्या तक्त्यात नसतो. विकणारा राजीखुशीने विकतो, असे कुणी म्हणेल. विकतो खरा, पण खाणाऱ्याला कुणी विचारले? टाकाऊ मासळीच खाद्य होते, असेही सांगतात. त्या टाकाऊंत उद्या मोठी होणारी पिल्लेही असतात.

शिंपल्यांची गोष्ट निराळी. केरळातील कासरगोड जिल्ह्यात पडन्ना येथे स्त्रियांचे बचत गट खाडीत दोरांवर हिरवे शिंपले, म्हणजे आपले शिनाणे, वाढवतात. दोराला बी बांधून सोडावयाचे. शिंपला पाणी गाळून त्यातील सूक्ष्म वनस्पतींवर पोसतो. वरून काही घालावे लागत नाही. कालवांचेही तेच. मात्र गाव खाडीत जे सोडते, तेही शिंपल्यात उतरते. त्यामुळे शिंपलेवाल्याला पाणी स्वच्छ राहण्यातच लाभ. स्वार्थ आणि लोकहित इतके जवळ क्वचितच येतात.

2020 च्या मत्स्यसंपदा योजनेत दोहोंनाही साहाय्य आहे, आणि कागदावर दोन्ही मत्स्यशेतीच. पिंजऱ्याच्या अर्जावर खाद्य कोणत्या बंदरातून आणि कोणत्या मासळीचे येणार, हे लिहून घेतल्याशिवाय मी तरी सही केली नसती.