टोकदार गिटार आणि आमोसची वीणा

बी. सी. रिच या अमेरिकन कंपनीची 'वॉरलॉक' नावाची एक इलेक्ट्रिक गिटार आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभी ती बाजारात आली. तिच्या अंगाला परशूसारखी टोके काढलेली. नावाचा अर्थ चेटक्या. 'हेवी मेटल' वाजवणाऱ्यांना ती प्रिय आहे. ख्रिस्ती तरुणाने असे वाद्य हाती घ्यावे काय, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. सतारीचा पोकळ भोपळा नाद घडवतो. हिचे अंग भरीव लाकडाचे. पोलादी तारांचे कंपन चुंबकीय पिकअप टिपते आणि ती कर्कश गर्जना मुख्यतः अॅम्प्लिफायरच्या द्वारे निर्माण होते. म्हणजे ती टोके कानासाठी नसून डोळ्यांसाठी आहेत.

शिवाय आकाराचा अर्थही स्थिर नसतो. गिब्सन कंपनीने १९५८ साली 'फ्लाइंग व्ही' ही बाणासारखी गिटार काढली ती नव्या युगाची वाटावी म्हणून. आरंभी ती फारशी खपली नाही. पुढे अल्बर्ट किंग या ब्लूज-वादकाने ती गाजवली. मेटलवाल्यांनी तिला उग्र रूप दिले ते नंतर. भाषांतरकाराला यात नवल नाही. शब्दालाही अर्थ येतो तो वापरातून. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातील 'स्ट्रायपर' या मेटल बँडने तर आपले नाव यशया ५३:५ शी जोडले आणि श्रोत्यांमध्ये नव्या कराराच्या प्रती भिरकावल्या.

मग आकार निर्दोष ठरला काय? इतकी घाई नको. 'चेटक्या' हे नाव कोणीतरी विचारपूर्वक निवडले, कारण दरारा विकता येतो. जो तो विकत घेतो, त्याच्या अंतःकरणात कोणती उणीव आहे? तो दुर्बळ आहे, दुखावलेला आहे, की केवळ हौशी? हा प्रश्न लाकडाला विचारता येत नाही. मुलाजवळ बसूनच विचारावा लागतो. गिटार काढून घेणे त्याहून सोपे, म्हणूनच आपण ते आधी करतो.

आमोस ५:२३-२४ उघडून पाहा. तेथे देव ज्या वीणांचा नाद ऐकू इच्छीत नाही, त्या कोणाला भिवविणाऱ्या नव्हत्या. दोष वाद्यात नव्हता. वाजवणाऱ्यांच्या जीवनात न्याय नव्हता. तेव्हा मुलाच्या गिटारीला जी कसोटी लावाल, तीच आपल्या उपासनेतील सौम्य बाजाच्या पेटीलाही लावा.