उपकेंद्रातला ‘उप’

थायरॉइडच्या विकारांत ‘हायपो’ आणि ‘हायपर’ यांतला फरक ऐकताना निसटावा इतका बारीक, उपचार मात्र एकमेकांच्या उलट. एकात संप्रेरक कमी पडते म्हणून ते गोळीतून द्यायचे, दुसऱ्यात ते जास्त होते म्हणून त्याला आवर घालायचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांच्या कारखान्यांत ‘एक्झोथर्मिक’ आणि ‘एंडोथर्मिक’ या जोडीचेही तसेच आहे. पहिल्या अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते. ती वेळेवर काढून घेतली नाही तर अभिक्रिया स्वतःच्याच उष्णतेने वेग घेते आणि स्फोटापर्यंत जाऊ शकते. पालघर जिल्ह्यातल्या मराठी शाळांतून आणि आश्रमशाळांतून शिकलेली मुले नर्सिंगकडे किंवा आयटीआयमार्गे बोईसरच्या या कारखान्यांकडे वळतात, तेव्हा त्यांच्यापुढे हे शब्द अखंड ठोकळ्यासारखे येतात. ते पाठ होतात, उकलत नाहीत. हे शब्द मराठीत बदलून घेण्यापेक्षा मराठीतून उकलून शिकवणे अधिक निकडीचे आहे, असे मला ठामपणे वाटते.

आणि ते अवघडही नाही. ग्रीक आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या असल्यामुळे ग्रीक ‘हायपर’ आणि संस्कृत ‘उपरि’, ‘हायपो’ आणि ‘उप’, ‘पेरी’ आणि ‘परि’, ‘डिस’ आणि ‘दुस्’ ही सख्खी भावंडे आहेत. ‘आरोग्य उपकेंद्रा’तल्या ‘परिचारिके’च्या रोजच्या बोलण्यात यांतली दोन आधीच आहेत. ‘डिसेंट्री’तला आतड्याचा बिघाड आणि ‘दुष्काळा’तला काळाचा बिघाड एकाच उपसर्गाने सांगितलेला आहे; ‘ॲनिमिया’तला ‘अन्’ आपण ‘अनोळखी’मध्ये सहज वापरतो. पण उपसर्ग शिकवले जातात मराठीच्या तासाला आणि हे शब्द येतात विज्ञानाच्या तासाला. दोन्ही तासांची गाठच पडत नाही. याच जिल्ह्यात, आधी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलाच्या भोवती जे आहे त्यातूनच शिक्षण उभे केले. भाषा हीसुद्धा मुलाच्या भोवतीचीच वस्तू आहे.

यावर कोणी म्हणेल, मग सरळ मराठी प्रतिशब्दच का वापरू नयेत? शाळेच्या पुस्तकातले ‘उष्मादायी’ आणि ‘उष्माग्राही’ हे शब्द नेटके आहेत, ते राहावेत. पण औषधाची चिठ्ठी, रसायनाच्या पिंपावरचे लेबल आणि प्रयोगशाळेचा अहवाल इंग्रजीत येतो. मध्य प्रदेशाने 2022 मध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तके काढली, तेव्हा तिथेही बहुतेक संज्ञा इंग्रजीच, फक्त देवनागरीत ठेवल्या गेल्या. लिपी बदलल्याने शब्द वाचता येतो. तो उलगडण्याचे काम उरतेच.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: उपसर्गांवर विसंबणारा माणूस फसू शकतो. ॲनिमियाच्या रोग्याच्या अंगात रक्त नसते असे नाही. ‘पॅरालिसिस’मधला ‘पॅरा’ आणि ‘पॅरासिटामॉल’मधला ‘पॅरा’ यांचे काम वेगळे. दुसरा रेणूच्या वलयावरची जागा दाखवतो. सर्वांत धोक्याचा तो नुसता ‘हायपो’. रुग्णालयात हायपो म्हणजे निर्जंतुकीकरणाचे सोडियम हायपोक्लोराइट, तर रसायनशास्त्राच्या पुस्तकात हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. पहिल्यात आम्ल मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, दुसरे पाण्यातला क्लोरीन घालवायला वापरतात. पण हा गोंधळ उपसर्ग समजल्याने झालेला नाही. उपसर्ग धरून उरलेला शब्द टाकून दिल्याने झाला आहे. ‘कशापेक्षा कमी’ हा प्रश्न विचारायची सवय असेल, तर नुसत्या ‘हायपो’वर कोणी समाधान मानणार नाही.

जव्हार-मोखाड्यातल्या वारली किंवा कातकरी आईला मात्र यातले काहीच ऐकवू नये. तिची बोली वेगळी आहे. तिच्यासाठी संस्कृतही ग्रीकइतकेच परके. ‘अंगात रक्त कमी आहे’ हे तिला तिच्या बोलीत सांगितले पाहिजे. उकल हवी आहे ती सांगणारीसाठी, आणि उद्या त्याच पाड्यातून नर्स व्हायला निघालेल्या मुलीसाठी. त्यासाठी नवा कोश लागत नाही. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पंधरा-वीस उपसर्गांचे एक पान, प्रत्येकासमोर रुग्णालयातला एक शब्द आणि कारखान्यातला एक शब्द, इतके दिले तरी पुढचा उलगडा मुले स्वतः करतील.